अंतराळयानाच्या कॅप्टनचा पोशाख: पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पाचवीच्या मुलांनी स्वतःच एक नाटुकलं रचलं होतं. मंगळावरच्या वस्तीतलं पाणी संपलंय आणि 'टिटवी' नावाचं यान पृथ्वीवरून पाणी घेऊन निघालंय. यानाची कॅप्टन आमची भाची. दादाने आधी भाड्याचा ड्रेस आणून पाहिला. पातळ चंदेरी सॅटिन, काखेत उसवून पुन्हा ओढूनताणून शिवलेलं, पँट घोट्याच्या चार बोटं वर. पोरीने तो घातला, आरशात पाहिलं आणि काही न बोलता काढून ठेवला. त्या रात्री मी दादाला म्हटलं, "राहू दे, मी शिवते."

तोवर मी पिशव्या, उशांचे अभ्रे, फार तर सलवार एवढंच शिवलं होतं. तीन आठवडे लागले आणि पहिल्या आठवड्यातलं सगळं काम उसवावं लागलं. पण शेवटी जो पोशाख झाला, तो घालून ती रंगमंचावर धावली, रांगली, यान आदळल्यावर दोनदा पडली आणि एकही टीप सुटली नाही. तुम्हाला मशीनवर सरळ टीप मारता येत असेल, पण बेतून शिवायचा कपडा कधी हातात घेतला नसेल, तर माझे ते तीन आठवडे तुमच्या उपयोगी पडावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

१. कापड घेण्याआधी विचारा: हे घालून काय काय करायचंय?

हा प्रश्न मी विचारला नाही आणि तिथेच फसले. डोळ्यांसमोर चित्र होतं ते गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध पोशाखाचं, समोर लांब चेन. तसाच बेतला. जुन्या चादरीतून शिवून तिला घातला तेव्हा उभी असताना सुरेख दिसत होता. मग ती म्हणाली, "आत्या, मला यानात शिरताना वाकायचंय," आणि खाली बसली. चर्रकन आवाज झाला आणि बैठकीची शिवण वीतभर उसवली.

एकसंध पोशाखात छाती आणि कंबर ही मापं दुय्यम असतात. खांद्यावरून पुढे उतरून, दोन्ही पायांमधून जाऊन, पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यापर्यंत येणारं माप खरं महत्त्वाचं. तिचं ते ५१ इंच भरलं. माणूस वाकला की पाठीकडून हे अंतर वाढतं, म्हणून वर किमान ४ इंच सैल ठेवावे लागतात. मी ते माप घेतलंच नव्हतं.

शिवण दुरुस्त झाली असती, पण दुसरी अडचण मोठी होती: बाथरूम. एकसंध पोशाख खांद्यावरून पूर्ण उतरवावा लागतो. शाळेतल्या ओल्या फरशीवर बाह्या लोळणार, बाहेर रांग, प्रवेशाला दहा मिनिटं आणि सोबत आई नाही. दहा वर्षांच्या मुलीला हे एकटीने जमलं पाहिजे. म्हणून माझा आग्रह असा, की पोशाख दोन भागांत शिवा आणि तो एकसंध दिसेल असं बघा. वरचं जॅकेट शर्टासारखं पँटमध्ये खोचायचं, जोडावर तीन इंची रुंद पट्टा. चौथ्या रांगेतल्या प्रेक्षकालाही जोड दिसत नाही.

खऱ्या अंतराळवीरांनाही हे चुकलेलं नाही. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर तरंगणारे पहिले मानव ठरले. बाहेरच्या निर्वातात त्यांचा पोशाख फुगून असा ताठरला की त्यांना परत आत शिरता येईना, शेवटी पोशाखातली थोडी हवा सोडून द्यावी लागली. पोशाख कितीही देखणा असो, आत माणूस हलला पाहिजे.

तेव्हा मुलाला किंवा मुलीला समोर बसवून यादी करा. बसायचंय का, रांगायचंय का, हात वर करायचेत का, पोशाख किती वेळ अंगावर राहणार, मध्ये बदलायचा आहे का. पुढचे सगळे निर्णय यातून निघतात.

२. रंग

बहुतेक जण चंदेरी घेतात. मी सांगेन, नारिंगी घ्या. अमेरिकेत १९८६च्या चॅलेंजर दुर्घटनेनंतर शटलमधले अंतराळवीर उड्डाणाच्या आणि परतीच्या वेळी नारिंगी दाबपोशाख घालू लागले, कारण समुद्रात उतरायची वेळ आली तर शोधणाऱ्यांना तो रंग लांबून दिसतो. इस्रोने २०१८ मध्ये बेंगळुरूच्या प्रदर्शनात दाखवलेला पोशाखही नारिंगीच होता. रंगमंचावरच्या काळ्या पडद्यासमोरही तोच उठून दिसतो. पांढरा छान दिसतो, पण रंगीत तालमीतच त्याचे गुडघे काळे होतात. चंदेरी सॅटिन दिव्याखाली इतकं चमकतं की चेहऱ्याकडे लक्ष जात नाही, शिवाय मशीनवर ते सरकतं.

आणखी एक गोष्ट मी थेट उचलली. चंद्रावर दोघे एकसारख्या पोशाखात असल्याने फोटोत कोण कोणता ते कळेना, म्हणून अपोलो १४ पासून चंद्रावर उतरणाऱ्या कमांडरच्या हेल्मेटवर, दंडावर आणि पायांवर लाल पट्टे आले. नाटकात पाच अंतराळवीर होते. लाल पट्टे फक्त कॅप्टनला.

३. सामान

माझ्या भाचीची उंची ५४ इंच. त्या हिशेबाने:

– नारिंगी कॉटन ड्रिल, ५८ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) अडीच मीटर. ३६ पन्हा असेल तर चार मीटर धरा. दुकानदाराला आधी पन्हा विचारा, मग मीटर सांगा. उलटं केलंत की कापड कमी पडतं.
– मांजरपाट दोन-तीन मीटर, किंवा जुनी चादर.
– जॅकेटची खालून सुटणारी चेन, २० इंच.
– पट्ट्यासाठी काळं रेक्झिन, पाव मीटर.
– लाल पॉपलीन, पाव मीटर.
– एक इंची इलॅस्टिक, दीड इंची वेल्क्रो, गळपट्टी ताठ राहावी म्हणून आत घालायचं बक्रम.
– १४ आणि १६ नंबरच्या सुया. ड्रिलच्या चार थरांवर बारीक सुई मोडते.
– टेप, खडू, टाचण्या, उसवणी, कापडाची वेगळी कात्री. त्या कात्रीने कागद कापू नका.

आमच्याकडे पुण्यात रविवार पेठेतल्या कापड गंजात ड्रिल मिळालं. मुंबईकरांना मंगलदास मार्केट किंवा दादरचं हिंदमाता आहे, चेन-बटणांसाठी भुलेश्वर. गणवेशाचं कापड विकणारं कुठलंही दुकान चालतं. टेरीकॉट स्वस्त पडतं आणि आटत नाही, पण अंगाला गरम होतं.

एका वस्तूवर पैसे घालवू नका: सायकलवाल्यांची चमकणारी पट्टी. मी हौसेने तीन मीटर आणली. ती पट्टी प्रकाश जिथून येतो तिकडेच परत पाठवते. त्यामुळे मोबाइलच्या फ्लॅशमध्ये ती लखलखते, पण दिवे बाजूने लावलेले असले तर प्रेक्षकांना नुसती राखाडी फीत दिसते. तालमीत हे लक्षात आलं आणि सगळी काढून टाकली.

४. मापं

माप घेताना पोरांना 'ताठ उभी राहा' म्हणू नका, ती श्वास रोखून धरतात. पातळ टी-शर्टवर घ्या, कारण पोशाखाच्या आतही तेच असणार.

जॅकेटला छाती, खांद्यापासून कमरेपर्यंत उंची, तीरा (एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत), खांद्यापासून मनगटापर्यंत बाही आणि गळ्याचा घेर. पँटला कंबर, सीट (नितंबांचा घेर), कमरेपासून घोट्यापर्यंत उंची आणि बैठक. बैठकीचं माप खुर्चीवर बसवून घ्या: कुशीला कमरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत. त्यात दीड इंच मिळवा. छातीत ७ इंच सैल ठेवा. २७ची छाती असेल तर जॅकेटचा घेर ३४. ऐकायला जास्त वाटतं, पण आत टी-शर्ट असतो आणि अंतराळवीर थोडा फुगलेलाच दिसायला हवा.

५. जॅकेटचा बेत: आजोबांच्या बंडीचा

नवशिक्याला सगळ्यात जड जातो तो गोल मुंढा, म्हणजे अंगाला बाही जोडायची जागा. बाहीची गोलाई मुंढ्यात बसवताना चुण्या पडतात, एक बाही पुढे वळते, एक मागे. मी दोनदा उसवली. शेवटी आईने ट्रंकेतून आजोबांची जुनी बंडी काढून समोर टाकली. तिच्यात गोलाई कुठेच नाही. अंग सरळ, बाही सरळ आणि काखेत चौकोनी तुकडा, चौबगला. हात आभाळाकडे गेला तरी बंडी वर चढत नाही, कारण ताण चौबगला घेतो. आपल्या कॅप्टनला तर "समोर उल्का!" म्हणून हात वर करायचाच होता, आणि जॅकेट पँटमधून निघता कामा नये. तोच बेत घेतला.

वर्तमानपत्रावर असे तुकडे काढा (मापं माझ्या भाचीची, तुम्ही आपली घाला):

– पाठ एक: रुंदी १७ इंच, उंची २३. उंचीचा हिशेब असा: कमरेपर्यंत १३, पट्ट्यावर सैल पडायला २, आत खोचायला ८.
– पुढचे भाग दोन: प्रत्येकी साडेआठ इंच रुंद, उंची तेवढीच. पुढचा गळा मागच्यापेक्षा अडीच इंच खोल.
– खांद्याला गळ्याकडून बाहीकडे एक इंच उतार.
– बाह्या दोन: वर १४ इंच रुंद, मनगटाशी ९.
– चौबगले दोन: ४ बाय ४.
– गळपट्टी: गळ्याच्या घेराइतकी लांब, पावणेदोन इंच उंच, दुहेरी.

या मापांवर बाजूंना आणि चेनच्या कडेला पाऊण इंच, बाकी सगळीकडे अर्धा इंच दाब (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडा. खाली आणि मनगटाशी दुमडीसाठी एक-एक इंच.

इथे एक सापळा आहे. सरळ बेतात खांदा दंडावर उतरतो. तिचा तीरा १२ इंच, म्हणजे अर्धा ६, आणि जॅकेटचा अर्धा भाग साडेआठ. म्हणजे अडीच इंच कापड आधीच दंडावर आलं. बाहीच्या मापातून ते अडीच इंच वजा करायला हवेत, नाहीतर बाही बोटांच्या पुढे लोंबते.

पँटला वेगळा बेत काढत बसू नका. नीट बसणारा सैल पायजमा घ्या, एक पाय दुसऱ्यात घालून कागदावर पसरा आणि कडेने पेन्सिल फिरवा. मागच्या भागाची बैठक पुढच्यापेक्षा दीड इंच उंच असते, ती तशीच ठेवा. ती समान केली की बसल्यावर पँट मागून खाली सरकते. कमरेला इलॅस्टिकच्या नेफ्यासाठी दीड इंच, खाली दुमडीसाठी तीन. मुलं वाढतात, ते तीन इंच पुढच्या वर्षी लागतात.

६. मांजरपाटात आधी शिवून पाहा

हा टप्पा टाळायचा मोह होतो. टाळू नका. मांजरपाटाचे तुकडे मशीनच्या सर्वांत लांब टाक्याने जोडा, दुमडी-खिसे काही नको, आणि तिला घालायला लावा. मग पहिल्या टप्प्यातली यादी काढा. बस, वाक, रांग, हात वर कर, पळ. मी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत तिला रांगवलं. जिथे ओढ बसते तिथे कापडावर आडव्या सुरकुत्या दिसतात, त्या ओढीच्या जागेकडे बोट दाखवतात. तिथे खडूने खूण करा, उसवा, कागदावर तेवढं वाढवा. जिथे उभ्या सुरकुत्या लोंबतात तिथे कापड जास्त आहे.

तिच्या बाबतीत मांड्यांशी अर्धा-अर्धा इंच वाढवावा लागला. बाकी बंडीने लाज राखली.

७. कापड पाण्यातून काढा, मग कात्री लावा

कॉटन ड्रिल आटतं. रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, दमट असतानाच इस्त्री करा. नारिंगी रंग सुटतो का तेही याच वेळी कळतं. सुटत असेल तर पांढरं काही जोडू नका.

बेतताना कापडाचे किनार उभे आणि प्रत्येक तुकडा त्यांना समांतर. पँटचा पाय जरा तिरका बेतला गेला तर धुतल्यावर तो पीळ घेतो आणि मग कशानेही सरळ होत नाही. प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूने लिहा: 'डावा पुढचा', 'उजवी बाही'. ड्रिलची सुलट-उलट घाईत ओळखू येत नाही. सुलट बाजूला तिरक्या रेघा जास्त ठसठशीत असतात.

कापून झाल्यावर सगळे तुकडे कोपऱ्यावरच्या पिको-फॉलच्या दुकानात नेऊन कडा इंटरलॉक करून आणा. घरी इंटरलॉकचं मशीन नसेल तर हा खर्च जरूर करा. ड्रिलचे दोरे फार सुटतात.

८. सपाट काम आधी

बाजूच्या शिवणी मारण्याआधी खिसे, लाल पट्टे, बिल्ला आणि वेल्क्रो लावून घ्या. अंग एकदा नळीसारखं झालं की बाहीवर बिल्ला मशीनने लावता येत नाही. मी पहिला खिसा मांडीच्या बंद शिवणीवर लावायला गेले आणि पाय पुढून-मागून एकत्र शिवला गेला.

पट्टे लाल पॉपलीनचे, शिवून दीड इंच रुंद. दंडावर एक, मांडीवर एक. कडा इस्त्रीने दुमडून घ्या आणि दोन्ही कडांवरून दाबटीप द्या. दोन्ही बाह्यांवरचे पट्टे एकाच उंचीवर यायला हवेत, म्हणून दोन बाह्या एकमेकींवर ठेवून खूण करा, टेपने वेगवेगळी मोजू नका.

बिल्ला तिनेच काढला होता. वहीच्या कागदावर पेनाने, लांब पायांची टिटवी एका पायावर उभी, मागे दोन चंद्र, कारण मंगळाला दोन आहेत. तो कार्बनने पांढऱ्या केसमेंट कापडावर उतरवला. टिटवीची बाह्यरेषा साखळी टाक्याने, तीन पदरी काळ्या दोऱ्यात. डोळ्यापुढचा लाल ठिपका गाठीच्या टाक्याने. फोबोस आणि डिमोस राखाडी, भरीव टाक्यात, एक मोठा, एक बारका. खाली 'टिटवी' ही अक्षरं. दुसऱ्या वेलांटीची गोलाई दोनदा उसवली, कारण तिला ती तिच्या अक्षरासारखी हवी होती. चार संध्याकाळी गेल्या. पण पाठीमागे बक्रम लावून तो छातीवर शिवला तेव्हा भाड्याच्या ड्रेसमध्ये आणि यात काय फरक आहे ते पोरीला हाताने चाचपून कळत होतं. वेळ कमी असेल तर बाकी काहीही वगळा, बिल्ला वगळू नका.

९. शिवणीचा क्रम

जॅकेट:

१) खांदे जोडा.
२) बाहीची वरची कड अंगाच्या सरळ कडेला जोडा, बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर. बाही सपाटच लागते.
३) चौबगल्याची एक बाजू बाहीच्या कडेला, शेजारची बाजू अंगाच्या कडेला. मग मागच्या बाजूने तसंच. कोपऱ्यावर अर्धा इंच आधी टीप थांबवा, मागे-पुढे करून पक्की करा. कोपऱ्याच्या दाबावरून टीप गेली की काखेत चुणी पडते, ती इस्त्रीने जात नाही.
४) मनगटापासून चौबगल्यापर्यंत बाही, चौबगल्यापासून खालपर्यंत बाजू.
५) गळपट्टी. आत बक्रम, म्हणजे ती उभी राहते.
६) चेन.

चेनला सगळे घाबरतात. बंद चेन पुढच्या दोन्ही भागांच्या मध्ये ठेवा, आणि छातीपाशी व कमरेपाशी चेनच्या फितीवरून कापडापर्यंत आडवी खडूची रेघ ओढा. आता चेन उघडून एकेक बाजू कच्च्या टाक्याने लावा, रेघ रेघेला मिळवून. पुन्हा चेन बंद करून बघा. पट्टे आणि गळपट्टी दोन्हीकडे समोरासमोर आली तरच मशीन लावा, आणि दोन्ही बाजूंना खालून वरच टीप मारा. एकीकडे खालून, दुसरीकडे वरून मारलीत तर कापड उलटसुलट सरकतं. वरच्या टोकाला कापडाची छोटी घडी शिवा, हनुवटीला रनर टोचत नाही.

पँट: प्रत्येक पाय आधी आतल्या-बाहेरच्या शिवणीने नळीसारखा करा. मग एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट पायात घाला आणि बैठकीची शिवण एका दमात पुढून मागे. ही शिवण दोनदा मारा, टिपेवर टीप. तीच सगळ्यात जास्त ताण घेते.

जाड जोडावर, म्हणजे चार-सहा थर एकत्र येतात तिथे, पाय चालवू नका. हाताने चाक फिरवून एकेक टाका पार करा.

शिवून झालं की टाचण्या मोजा. मी डबीत चाळीस मोजून घेतल्या होत्या, शेवटी अडतीस भरल्या. एक सोफ्यात मिळाली, दुसरी गळपट्टीच्या आत. अपोलोचे पोशाख ज्या कंपनीत शिवले गेले, त्याच कंपनीचा दुसरा धंदा बायकांच्या अंतर्वस्त्रांचा होता. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी मशीनवर ते पोशाख घडवले, आणि एखादी टाचणी थरांत राहू नये म्हणून शिवलेले भाग क्ष-किरणांनी तपासले जात. आपल्याकडे यंत्र नाही, पण मोजता येतं. आणि लोहचुंबक असेल तर तो प्रत्येक शिवणीवरून फिरवा.

१०. रेक्झिनचा पट्टा

रेक्झिनमध्ये सुईचं भोक कायम राहतं. म्हणून टाचणी नको, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. उसवायची वेळ येऊ देऊ नका. टाका लांब ठेवा, बारीक टाक्याने तिकिटासारखी भोकं पडून रेक्झिन तिथेच फाटतं. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटून ओढत असेल तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. इस्त्री लावू नका.

पट्टा पँटच्या तीन लूपांमधून, मागे वेल्क्रोने बंद. पुढे बकल दिसलं तरी ते नुसतं शोभेचं, उघडतं ते मागून. तिने हे एका हाताने पाच वेळा करून दाखवल्यावरच मी पट्टा पक्का केला.

११. छातीवरची पेटी, दिवे, गळ्याचं कडं

पेटी आहे सहा मिलिमीटरच्या फोमची, वर राखाडी कापड, जुन्या रिमोटची बटणं आणि औषधांच्या बाटल्यांची झाकणं. फोमला फोम जोडायला रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं थांबा आणि मग दाबा. ओला असताना दाबला तर सरकत राहतो. खिडकी उघडी ठेवा, त्याचा वास डोक्यात जातो. पेटी जॅकेटला वेल्क्रोने लावा, म्हणजे जॅकेट धुता येतं. खरखरीत बाजू पेटीला, मऊ बाजू जॅकेटला. उलट केलंत तर धुताना जॅकेट सगळ्या कपड्यांना ओरबाडतं.

थर्माकोल वापरणार असाल तर त्यावर रबरी गोंद आणि स्प्रे पेंट दोन्ही चालत नाहीत. माझी पहिली पेटी चंदेरी स्प्रे मारल्यावर डोळ्यांदेखत खड्ड्याखड्ड्यांनी विरघळली. थर्माकोलला फेव्हिकॉल आणि पाण्यातले रंगच.

दिव्यांसाठी पेन्सिल सेलची डबी आणि बटण असलेली बारीक दिव्यांची माळ घ्या. चपट्या बटणासारख्या सेलवर चालणारे दिवे मुलांच्या पोशाखात मुळीच नकोत. तो सेल लहान भावंडाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो. डबीचं झाकण स्क्रूचं असावं. वायर जॅकेटच्या आतून, दर चार इंचांवर हाताने एक टाका घालून.

गळ्याच्या कड्यासाठी मला सगळ्यात चांगली वस्तू मिळाली ती एसी बसवणाऱ्याकडे. तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी. दोन फुटांचा तुकडा गोल वळवून, वर पांढरं कापड चढवून, मागे वेल्क्रो. हलकी, मऊ, पडलं तरी लागत नाही.

हेल्मेट आम्ही फुग्यावर कागदाच्या पट्ट्यांचे सहा थर देऊन केलं. तोंडाकडची बाजू पूर्ण उघडी ठेवा. पुढे प्लास्टिकची काच लावायचा मोह होतो, पण श्वासाने ती धूसर होते, आवाज आतच राहतो आणि लहान मुलाच्या तोंडापुढे बंद प्लास्टिक ठेवूच नये. आमच्या कॅप्टनने ते डोक्यावर फक्त पहिल्या प्रवेशात घातलं आणि नंतर काखेत धरून वावरली. ते जास्त शोभलं.

पायांत शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट. रंगमंचावर निसरडं नको.

१२. रंगीत तालीम पोशाखातच

निदान दोन तालमी पूर्ण पोशाखात होऊ द्या, आणि त्यातली एक दिव्यांखाली. घाम येतो का, पट्टा घसरतो का, पेटी हाताला अडते का, हे घरी कळत नाही. आमची पेटी रांगताना जमिनीला टेकत होती, ती दोन इंच वर सरकवली. वेल्क्रो असल्यामुळे पाच मिनिटांत झालं.

प्रयोगाच्या दिवशी सोबत एक पिशवी ठेवा: सुई-दोरा नारिंगी आणि काळा, सेफ्टी पिना, कात्री, जादा सेल, वेल्क्रोचा तुकडा. ही पिशवी विंगेत असणाऱ्या बाईंकडे द्या, प्रेक्षकांत बसलेल्या आजीकडे नको.

१३. नंतर

पेटी, कडं आणि दिवे काढून ठेवा. पट्टा ओल्या फडक्याने पुसा. जॅकेट-पँट उलट करून, गार पाण्यात, वेगळे धुवा आणि सावलीत वाळवा. बिल्ल्यावर उलट बाजूने इस्त्री, नाहीतर टाके चपटे होतात. कागदाचे बेत फेकू नका. त्यांवर मुलाचं वय आणि उंची लिहून गुंडाळी करून ठेवा.

जूनमध्ये भाची परत आली ती पोशाख हातात घेऊनच. उंची ५६. पँटची दुमड दोन इंच सोडली, एक इंच अजून आत आहे. जॅकेटला काही करावं लागलं नाही.